मेजर, पेन्शन पण घ्या, पगार पण घ्या, फक्त पीएम-किसानचे पैसे परत करा

सातारा जिल्ह्यातल्या एका माजी हवालदारांचा प्रश्न आलाय. वय ३९, इन्फंट्रीत १७ वर्षं सर्व्हिस, काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गाडी उलटली आणि उजवा गुडघा गेला. मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व धरलं, ते सर्व्हिसमुळेच झालं असं लिहून दिलं आणि २०२१ मध्ये बोर्ड आउट केलं, म्हणजे प्रकृतीमुळे मुदतीआधीच घरी पाठवलं. डिसॅबिलिटी पेन्शन सुरू आहे. २०२४ मध्ये माजी सैनिकांच्या आरक्षणातून तलाठी म्हणून लागले. बायको घरी असते, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. त्यांनी विचारलंय ते असं: "पेन्शन, अपंगत्वाचे पैसे, पगार आणि उद्या एनपीएसचं दुसरं पेन्शन, एवढं सगळं सरकारकडून घेणं बरोबर आहे का? मेहुणे म्हणतात ही सरकारची लूट आहे, अमेरिकेतसुद्धा असं देत नाहीत. उलट गावातला फॉर्म भरणारा म्हणतो अजून दोन योजना बसतात, बायकोला लाडकी बहीण आणि मला निराधार. पीएम-किसान तर येतंच आहे. आणि या सगळ्या आवकेवर पुण्यात फ्लॅट घ्यावा का, हप्ता ४५,००० येतोय."

मेजर म्हणतो तुम्हाला, आमच्याकडे गावात फौजेतून आलेला शिपाई असो की सुभेदार सगळ्यांना मेजरच म्हणतात.

आधी तुमच्या मनात जे टोचतंय ना त्याचं बोलू, कारण फ्लॅटचं गणित सोपं आहे, हे अवघड आहे. तुम्ही सगळे पैसे एकाच डब्यात टाकून बघताय, "सरकारचे पैसे" असं एक लेबल लावून, म्हणून ते जास्त दिसतात आणि म्हणून मेहुण्यांचं बोलणं लागतं. प्रत्येक पैसा कशाबद्दल येतो ते वेगळं करून बघा.

फौजेतला तुमचा शेवटचा बेसिक ३८,१०० आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२००, म्हणजे ४३,३००. (वन रँक वन पेन्शनमुळे झालेला फरक मी इथे सोडून देतो, हिशोब समजायला एवढं पुरे.) त्याच्या निम्मं, २१,६५०, हे सर्व्हिस एलिमेंट. हे तुमच्या १७ वर्षांचं आहे. दुसरा भाग डिसॅबिलिटी एलिमेंट. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,९९०. तुमचं अपंगत्व बोर्डाने ३० टक्के धरलंय पण नियमाने ५० च्या खालचं सगळं ५० धरतात, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, म्हणून तुम्हाला १२,९९० च्या निम्मे ६,४९५ मिळतात. हे गुडघ्याचे पैसे. आणि तिसरा पगार, जो तुम्ही रोज सकाळी सजावर जाऊन, पंचनामे करून, सातबाऱ्याची भांडणं ऐकून मिळवता. तो तुमच्या जागी दुसरा कोणी तलाठी असता तर त्यालाही तेवढाच मिळाला असता, तुम्ही माजी सैनिक आहात म्हणून त्यात एक रुपया जास्त नाही.

मग यात डबल काय आहे? सांगा मला. १७ वर्षांच्या नोकरीचे पैसे एकदाच मिळतायत, गुडघ्याचे एकदाच आणि आजच्या कामाचे एकदाच. खिडकी एकच आहे म्हणून पैसे एकाच गोष्टीचे होत नाहीत. आणि तुम्ही १७ वर्षांनंतर स्वतःहून घरी आला नाहीत, हवालदाराला अजून सात-नऊ वर्षं मिळाली असती, कदाचित नायब सुभेदारही झाला असता, तो सगळा पगार आणि त्यावरचं वाढीव पेन्शन जिथे गाडी उलटली तिथेच राहिलं. ६,४९५ मध्ये ते भरून निघत नाही.

सरकारनेसुद्धा हे असंच धरलंय. ऑफिसर रँकच्या खालचा माजी सैनिक ५५ च्या आत निवृत्त होऊन सरकारी नोकरीत लागला तर केंद्राच्या १९८६ च्या आदेशाप्रमाणे नवीन पगार ठरवताना त्याचं पेन्शन पूर्ण बाजूला ठेवतात, ऑफिसरांचं मात्र एका मर्यादेपर्यंतच. शिपायाचं पेन्शन लहान असतं, तो ऐन तारुण्यात घरी येतो, पोरं शाळेत असतात, दुसरी नोकरी त्याला करावीच लागते, हे ओळखूनच तो नियम आहे. आपल्या राज्यातलं १५ टक्के आरक्षणही त्यासाठीच. तुम्ही मागच्या दाराने आलेला नाहीत.

आता अमेरिकेचं. मेहुणे अर्धं बरोबर बोलतायत. तिथे १८९१ च्या कायद्यापासून नियम होता की लष्करी निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची भरपाई दोन्ही पूर्ण घेता येणार नाही, जेवढी भरपाई घ्याल तेवढं निवृत्तिवेतन कापलं जाणार. पण शंभरेक वर्षांनी त्यांनाच ते खटकलं आणि २००४ पासून २० वर्षं सर्व्हिस झालेल्या आणि ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना टप्प्याटप्प्याने दोन्ही पूर्ण द्यायला सुरुवात केली. मग २०१४ मध्ये तिथल्या संसदेच्या हिशोब तपासनिसांनी दाखवलं की सुमारे ५९,००० लोक तीन-तीन ठिकाणांहून घेतायत, निवृत्तिवेतन, अपंगत्वाची भरपाई आणि वर सोशल सिक्युरिटीचे अपंगत्वाचे पैसे, आणि त्यावर भरपूर वाद झाला. तो तिसरा पैसा काम करू न शकणाऱ्यांसाठी असतो, म्हणून वाद समजण्यासारखा आहे. पण दुसरी बाजूही बघा, लढाईत जखमी होऊन २० वर्षांच्या आत बाहेर पडावं लागलेल्यांचं अजून कापतात आणि तो अन्याय दूर करा म्हणून मेजर रिचर्ड स्टार या दिवंगत अधिकाऱ्याच्या नावाचं विधेयक तिथे वर्षानुवर्षं मांडलं गेलंय. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच तिथे लोक भांडतायत. मेहुण्यांना हेही सांगा.

माझे एक चुलते तोफखान्यात होते. कान गेले त्यांचे. रिलीजच्या वेळी मेडिकलमध्ये त्यांनी काही सांगितलंच नाही, "सगळ्यांचेच जातात, त्याचं काय मागायचं" असं म्हणायचे. सत्तरीत श्रवणयंत्राचे पैसे पोरांकडे मागताना त्यांची मान खाली जायची ते मी बघितलंय. म्हणून हक्काचं सोडून द्यायचा विचार कोणी बोलून दाखवला की मला राग येतो, तुमचा नाही, तो विचार तुमच्या डोक्यात घालणाऱ्यांचा. पेन्शन सोडू नका. एक रुपयाही सोडू नका.

पण आता दुसरी बाजू, आणि इथे मी तितकंच स्पष्ट बोलणार.

काही पैसे तुम्ही काय दिलं किंवा काय गमावलं त्याबद्दल मिळतात, तिथे घरात किती आहे हे कोणी विचारत नाही. आणि काही पैसे घरात पुरेसं नाही म्हणून मिळतात. निराधार, लाडकी बहीण, पीएम-किसान हे दुसऱ्या प्रकारातले आहेत आणि तिन्हीतून तुम्ही नियमानेच बाहेर आहात.

लाडकी बहीणमध्ये कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं आणि घरात कोणी कायम सरकारी नोकर असेल किंवा निवृत्तिवेतन घेत असेल तर नाही. तुमच्या घरात दोन्ही आहे, एकाच माणसात. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबरही मागायला लागले, त्यामुळे "कोणाला कळतंय" हा तर विषयच संपला. संजय गांधी निराधारला दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० उत्पन्नाची मर्यादा आहे, तुमची त्याहून जास्त रक्कम एका महिन्यात येते. त्यासाठी तो फॉर्मवाला तुम्हाला उत्पन्नाचा दाखला "करून" देतो म्हणाला असेल. मेजर, तो दाखला ज्या चौकशी अहवालावर निघतो तो अहवाल लिहितो कोण? तलाठीच ना. उद्या तुमच्या टेबलासमोर खरी निराधार म्हातारी बसलेली असेल आणि तुम्ही तिचं उत्पन्न तपासत असाल, तेव्हा स्वतःच्या नावावर खोटा दाखला असलेला माणूस तिथे बसू शकतो का? नोकरीचं सोडा, खोटी माहिती दिली तर शिस्तभंगाची कारवाई होईलच, ते राज्य सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे आणि शिस्तीचे १९७९ चे नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. पण मला नोकरीपेक्षा त्या म्हातारीसमोरची तुमची मान महत्त्वाची वाटते.

अजून एक गोष्ट त्याच फॉर्मवाल्याने गोंधळात टाकलीय, की पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, ५० टक्के लिहिलंय म्हणजे तुम्ही ४० टक्क्यांच्या वरचे दिव्यांग झालात. नाही. ते ५० फक्त पेन्शन काढायला धरलेले आहेत, बोर्डाचा आकडा ३० च आहे. दिव्यांगांच्या सवलतींसाठी सिव्हिल हॉस्पिटलची वेगळी तपासणी होते आणि त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, गुडघा पुढे बिघडला तर तिथे जाऊन रीतसर तपासून घ्या, जो आकडा येईल तो तुमचा.

पीएम-किसान. वडील गेल्यावर जमीन वारसाने नावावर आली आणि फॉर्म भरला गेला, तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला मान्य आहे. पण महिन्याला १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर त्या योजनेत बसत नाही, सूट आहे ती फक्त चतुर्थ श्रेणीतल्यांना. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे ९ हप्ते केंद्राचे आले आणि ६ नमो शेतकरीचे, प्रत्येकी २,०००, म्हणजे ३०,००० झाले. पोर्टलवर ऑनलाइन रिफंडची सोय आहे आणि योजना स्वतःहून सोडायचीही आहे. राज्याचे १२,००० कसे परत करायचे ते तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या. नोटीस येऊन भरण्यापेक्षा स्वतःहून भरलेलं केव्हाही चांगलं, आणि तुम्ही महसूल खात्यात आहात, गावातल्या याद्या तुमच्याच डोळ्यांखालून जातात.

हे ३०,००० गेल्याने तुमच्या आर्थिक आयुष्यात काही बिघडत नाही. बिघडू शकतं ते पुढच्या गोष्टीने, ज्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात: "नोकरी लागल्याचं पेन्शनवाल्यांना अजून कळवलेलं नाही."

हे या आठवड्यात करा. पेन्शनवरचा महागाई भत्ता हा पुन्हा नोकरीला लागलेल्याला एरवी बंद होतो. तुमच्यासारख्या, ऑफिसर रँकच्या खालच्या माजी सैनिकांना तो चालू राहतो, पण अट आहे, नवीन नोकरीत पेन्शन न धरता पगार त्या पदाच्या किमान टप्प्यावर ठरवलेला असला पाहिजे. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून आणि तुमचा सुरुवातीचा बेसिक तेवढाच आहे, म्हणजे तुम्ही अटीत बसता, पण हे कागदावर पाहिजे. ऑफिसमधून तसा दाखला घ्या आणि स्पर्शवर (फौजेच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) नोकरी लागल्याची माहिती त्या दाखल्यासकट द्या, नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यातही खरंच सांगा. आणि ऑफिसात कोणी म्हणालं की फौजेतल्या जुन्या पगाराचं प्रोटेक्शन माग, वरचा बेसिक मिळेल, तर सही करायच्या आधी गणित करा. तुमचं पूर्ण पेन्शन २८,१४५, त्यावर जुलै २०२५ चा ५८ टक्के भत्ता धरला तर महिन्याला १६,३२४ होतात. बेसिक किमानपेक्षा वर गेला की हे धोक्यात येतात, आणि कळेपर्यंत चार-पाच वर्षं गेली तर मागची सगळी वसुली एकदम लागते. मी अशा वसुलीत अडकलेली घरं बघितलीत, पोरीच्या लग्नाच्या वर्षी नोटीस आलेली.

टॅक्सचं थोडक्यात. बोर्ड आउट झालेल्याचं डिसॅबिलिटी पेन्शन, दोन्ही एलिमेंट, करमुक्त आहे. टर्म पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ही सूट नाही असं २०१९ चं परिपत्रक म्हणतं, त्यामुळे तुमच्या युनिटमधल्या मित्राचं बघून स्वतःचं ठरवू नका. तुमचा पगार धरला तरी नवीन पद्धतीत आज टॅक्स शून्यच येतो, तरी रिटर्न भरा आणि पेन्शन करमुक्त म्हणून दाखवा. पीपीओ आणि मेडिकल बोर्डाचे कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

आता फ्लॅट.

पेन्शन भत्त्यासह ४४,४६९, त्यातून कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा जो भाग तुम्ही आधीच एकरकमी घेतला त्याचे, १०,८२५ जातात (ते २०३६ मध्ये पंधरा वर्षं झाली की परत सुरू होतील), हातात ३३,६४४. पगार हातात साधारण ३८,०००. एकूण ७१,६०० च्या आसपास. त्यातून ४५,००० हप्ता म्हणजे घर २६,००० वर, दोन पोरांसकट. आणि तो फ्लॅट राहायला नाही, भाड्याने द्यायला, कारण तुमची नोकरी साताऱ्यात आहे. माझं मत नाही असं आहे, आणि त्याचं कारण फक्त हप्ता मोठा आहे हे नाही.

तुम्हाला काही झालं तर बघा काय होतं. पगार त्या महिन्यात थांबला. डिसॅबिलिटी एलिमेंट तुमच्याबरोबर संपतं, ते बायकोला मिळत नाही. तिला फॅमिली पेन्शन मिळतं, पहिली काही वर्षं वाढीव दराने आणि नंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,९९० अधिक भत्ता, त्याच ५८ टक्के दराने २०,५२४. ७१,६०० वरून वीस हजारांवर. मृत्यू त्या मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच झाला तर स्पेशल फॅमिली पेन्शन आहे, पण त्यावर घर बांधू नका. नागरी नोकरीचं जे काही वारसाला देय होईल ते वेगळं, आणि २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्करी आणि नागरी अशी दोन्ही फॅमिली पेन्शनं घ्यायला परवानगी आहे, वहिनींना हे आजच सांगून ठेवा म्हणजे कोणत्या कारकुनाने "एकच निवडा" म्हटलं तर त्या गप्प बसणार नाहीत. पण ४५,००० चा हप्ता या आकड्यांत कुठेच बसत नाही.

म्हणून आधी टर्म इन्शुरन्स, एक कोटीच्या आसपास, तुमच्या ५८-६० पर्यंत. फॉर्ममध्ये गुडघा, बोर्ड, सगळं लिहा, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल, लपवलेलं क्लेमच्या वेळी बायकोच्या गळ्यात येतं. एजंट बचतीची पॉलिसी दाखवेल, ती नको.

मग डिसॅबिलिटी एलिमेंटचं एक वेगळं खातं उघडा. ६,४९५ आणि त्यावरचा भत्ता धरून १०,२६२ होतात. हे पैसे घरखर्चात मिसळू नका, हप्त्यात तर अजिबात नको. हा गुडघा ५५ व्या वर्षी आजच्यासारखा राहणार नाही. ऑपरेशन ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) होईल, ते कार्ड जपा, पण तीन महिने बिनपगारी रजा, पुण्याच्या फेऱ्या, फिजिओथेरपी, जिना चढता येत नाही म्हणून खालच्या मजल्यावर केलेली खोली, हे कोण देणार? हे खातं देणार. पहिलं दीड वर्ष यात फक्त एफडी, साधारण १,८०,००० होतील. त्यानंतर निम्मे एफडीत आणि निम्मे साध्या इंडेक्स फंडात. वर्षं भरपूर आहेत तुमच्याकडे.

एनपीएसला हात लावू नका, बेसिक आणि भत्त्याच्या १० टक्के तुमचे आणि १४ टक्के सरकारचे, सुरुवातीच्या बेसिकवर धरलं तरी महिन्याला साधारण ९,६७० जमा होतात. सध्याच्या नियमाने ५८ पर्यंत तुमच्याकडे १९ वर्षं आहेत, तुमची दुसरी निवृत्ती इथेच तयार होतेय, त्यासाठी पुण्यात फ्लॅट लागत नाही. मुलांचं कॉलेज आलं की केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती बघा, मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५००, बारावीला ६० टक्के लागतात. ती घ्या. गावच्या घराची घरपट्टी माजी सैनिकांना २०२० पासून माफ आहे, तीही घ्या, ग्रामपंचायतीत मागायला लाजू नका. ही तुमच्या सर्व्हिसची आहेत.

घर घ्यायचंच असेल तर दोन वर्षांनी, साताऱ्यातच, आणि हप्ता फक्त पगारातून, १५,००० च्या आत. तोपर्यंत गुडघ्याचं खातं भरलेलं असेल.

या आठवड्यात तीन कामं, ऑफिसचा दाखला घेऊन स्पर्शवर माहिती, पीएम-किसानचा रिफंड आणि वहिनींना बरोबर बसवून पीपीओ वाचून दाखवणं. तिसरं काम रविवारी करा, पोरं झोपल्यावर, घाई न करता. आणि बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कधी दिलीय का ते पुढच्या वेळी लिहा, नसेल तर तेही करून टाकू.